फ्रान्समध्ये गावोगावचं जेवण: कोणता पदार्थ, कुठे, केव्हा आणि कसा मागवायचा

फ्रान्समध्ये पदार्थाला गाव असतं. चण्याच्या पिठाचा सोका नीसचा, घेवडा-मांसाचं कासुले कास्तेलनोदारीचं, माशाच्या गराची कनेल ल्योंची. हेच पदार्थ पॅरिसच्या गर्दीच्या गल्ल्यांत सहा भाषांमधल्या मेन्यूकार्डावर फोटोसकट छापलेले असतात, पण तिथे ते बऱ्याचदा पाकिटातून निघून गरम होऊन ताटात येतात. म्हणून सहलीत नीट जेवायचं असेल तर आधी मुक्कामाची शहरं ठरवा, मग त्या त्या शहराचे दोन-तीन पदार्थ निवडा आणि बाकीच्यांचा मोह सोडा. स्त्रासबूरमध्ये बुयाबेस, म्हणजे समुद्री माशांचा रस्सा, मागवू नये, मार्सेयमध्ये फोंद्यू, म्हणजे पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज, मागवू नये.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना पॅरिस–ल्यों–मार्सेय–नीस हा मार्ग सोयीचा पडतो. पॅरिसहून ल्यों वेगवान रेल्वेने साधारण दोन तास, ल्योंहून मार्सेय पावणेदोन तास, तिथून नीस अडीच-पावणेतीन तास. आठ दिवस हाताशी असतील तर एवढ्यात फ्रान्सची तीन पूर्ण वेगळी स्वयंपाकघरं बघून होतात: लोणी-सायीचं, ऑलिव्ह तेलाचं आणि चण्याच्या पिठाचं.

आधी घड्याळ, मग भूक

भारतातून गेलेल्यांची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. फ्रान्समध्ये हॉटेलचं स्वयंपाकघर दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ७ किंवा ७.३० ते ९.३०–१० एवढंच चालू असतं. दुपारी पावणेदोननंतर गेलात तर बऱ्याच ठिकाणी नम्रपणे नकार मिळतो, आणि त्यात घासाघीस चालत नाही, कारण आचारी आवरायला लागलेला असतो. फिरता फिरता तीन वाजले तर मग बेकरीतलं सँडविच घ्यायचं किंवा दारावर 'सर्व्हिस कोंतिन्यू' लिहिलेली ब्रासरी, म्हणजे मोठं उपाहारगृह, शोधायची. या ब्रासरींची चूल दिवसभर पेटती असते.

रविवारी रात्री आणि सोमवारी अनेक चांगल्या खानावळी बंद असतात. ऑगस्टमध्ये कित्येक मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात. ज्या जागेसाठी वाकडी वाट करून जाणार, तिथे आधी फोन करा किंवा संकेतस्थळावर टेबल राखून ठेवा. दोन माणसांसाठी एक-दोन दिवस आधी पुरतं, सहा-आठ जणांचा गट असेल तर आठवडाभर आधी कळवलेलं बरं.

मुख्य जेवण दुपारी करा. दुपारचा ठरावीक बेत, म्हणजे 'फॉर्म्यूल', रात्रीपेक्षा बराच स्वस्त असतो. शिवाय कासुले किंवा शुक्रूतसारखे मांसाचे जड पदार्थ रात्री नऊला खाऊन झोपणं पोटाला परवडत नाही.

जागा कशी पारखायची

दाराबाहेर दरासकट मेन्यू लावलेला असतो. आत शिरण्याआधी तिथे दोन मिनिटं उभं राहा. चार-पाच सुरुवातीचे पदार्थ, तितकेच मुख्य, तीन-चार गोड, आणि हे सगळं पाटीवर खडूने लिहिलेलं असेल तर बहुधा आत खरोखर स्वयंपाक होतो. चाळीस पदार्थ, त्यात पिझ्झाही आणि बुयाबेसही, असा प्रकार असेल तर पुढे चालू लागा. एवढ्या सगळ्याची तयारी रोज ताजी करणं छोट्या स्वयंपाकघराला जमत नाही.

दुसरी खूण 'फे मेझों', म्हणजे घरी केलेलं. छोट्या पातेल्यावर घराचं छप्पर असं तिचं चिन्ह असतं. २०१४ पासून त्यामागे कायदा आहे: पदार्थ त्याच ठिकाणी कच्च्या मालापासून शिजवलेला हवा. गोठवलेला कच्चा मासा किंवा भाजी वापरायला मुभा आहे, त्यामुळे ही ताजेपणाची हमी नव्हे. पण तयार रस्सा पाकीट फोडून वाढलेला नाही, एवढं नक्की. चिन्ह एखाद्याच पदार्थापुढे असेल तर तोच मागवा.

आत गेल्यावर आधी 'बोंझूर' म्हणा आणि टेबल दाखवण्याची वाट बघा. न बोलता जाऊन बसणं तिथे उद्धटपणाचं मानतात आणि पुढची सगळी वाढप त्यावर ठरते. पाव आणि नळाचं पाणी फुकट असतं, पण नुसतं 'पाणी' म्हटलं तर विकतची बाटली येते. म्हणून 'युन काराफ दो, सिल व्हु प्ले' असं म्हणायचं. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं, वर टीप देणं बंधनकारक नाही. बिल मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही; त्यासाठी 'लादिसियों, सिल व्हु प्ले'.

मेन्यूकार्डावरचे चकवे

'मेन्यू' म्हणजे ठरावीक दरातला दोन-तीन पदार्थांचा संच, आणि आपण ज्याला मेन्यूकार्ड म्हणतो ते 'ला कार्त'. 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण नव्हे. मुख्य तो 'प्ला'. अर्धी भूक घेऊन उठलेली माणसं बहुतेक आंत्रे मागवून बसलेली असतात.

आता काही शब्द पाठच करावेत. 'रि द व्हो' ऐकून भात येईल असं वाटतं, कारण भातालाही 'रि'च म्हणतात. येते ती मात्र वासराच्या गळ्यातली ग्रंथी. लिहिताना शेवटचं अक्षर वेगळं असतं, कानाला फरक कळत नाही. 'आंदुयेत' हे डुकराच्या आतड्यांचं सॉसेज, आणि त्याचा वास सवय नसलेल्याला टेबलावरून उठवतो. 'स्टेक तार्तार' म्हणजे कच्चा खिमा. उलट ल्योंचं 'सेर्व्हेल द कान्यू' हे नाव रेशीम विणकराचा मेंदू असं भयंकर आहे आणि पदार्थ निघतो ताज्या मऊ चीजमध्ये कांदापात, लसूण, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल घालून फेटलेला. नावात मेंदू असला तरी त्यात मांस नाही.

शाकाहारी असाल किंवा काही मांस वर्ज्य असेल तर

नुसतं 'व्हेजितारियां' म्हणून भागत नाही. गावाकडच्या खानावळीत त्याचा अर्थ कधी 'मासे चालतात' असा घेतला जातो, कधी 'मांसाचे तुकडे बाजूला काढले की झालं' असा. स्पष्ट वाक्य बोला: 'झ्य न माँझ नि व्हियांद, नि प्वासों', म्हणजे मी मांसही खात नाही, मासेही नाही. गाय आणि डुक्कर टाळायचं असेल तर 'नि बफ, नि पोर'. अंड्याशिवाय हवं असेल तर 'सां झफ'.

मांस जिथे दिसत नाही तिथेच जास्त लपतं. कांद्याचं सूप गोमांसाच्या अर्कात शिजवायची पद्धत आहे. कोशिंबिरीत, बटाट्यात, डाळीत 'लार्दों' पडतात, ते डुकराच्या चरबट मांसाचे बारीक तुकडे. नैऋत्येकडे बटाटे बदकाच्या चरबीत परततात. नीसच्या पिसालादिएर या कांदा घातलेल्या चपट्या पावावर अँकोव्ही मासे असतात. काही थंड गोड पदार्थांत जिलेटिन असतं. आणि चीज: कोंते, बोफोर, रब्लोशों यांसारखी नावाजलेली पारंपरिक चीज दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी फोंद्यू, राक्लेत आणि आलिगो हे वितळलेल्या चीजचे पदार्थ सोडून द्यावेत. तिथे बदल करून मिळत नाही.

ल्यों: बूशोंमधलं जेवण

ल्योंच्या जुन्या छोट्या खानावळींना बूशों म्हणतात. चौकटीची टेबलक्लॉथ, खेटून बसलेली माणसं, आणि प्राण्याचा कुठलाच भाग वाया न घालवणारा स्वयंपाक. या शहराचं नाव मोठं केलं ते घरगुती स्वयंपाकिणींनी. त्यांना तिथे 'मेर', म्हणजे आई, म्हणतात. त्यांतल्या यूजेनी ब्राझिए यांच्या दोन्ही उपाहारगृहांना १९३३ साली मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले.

शहरभर 'बूशों' लिहिलेल्या पाट्या दिसतात, सगळ्या खऱ्या नसतात. दारावर 'ले बूशों ल्योने' या अधिकृत मान्यतेची पाटी आहे का ते बघा. जुन्या शहरातल्या रू सें-झां आणि नदीपलीकडच्या रू मेर्सिएर या गर्दीच्या रस्त्यांवर विशेष सावध राहा. दानिएल ए देनीझ आणि काफे कोंप्त्वार आबेल ही नावं जाणकार घेतात. आबेलची कनेल प्रसिद्ध आहे. काही बूशों शनिवार-रविवारी बंद असतात, तेव्हा ल्योंचा मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवा.

कनेल म्हणजे ब्रोशे या नदीतल्या माशाचा गर, अंडी, लोणी आणि पीठ घोटून केलेला लांबट गोळा. तो आधी पाण्यात उकडतात, मग झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातल्या एक्रव्हिसच्या सॉसमध्ये भट्टीत ठेवतात. भट्टीत तो फुगून दीडपट होतो आणि बाहेर आल्यावर काही मिनिटांत बसायला लागतो. म्हणून टेबलावर आलेली कनेल टम्म आणि कडेने सॉस उकळत असलेली हवी. चपटी, सुरकुतलेली आली तर ती वाट बघत पडून होती, किंवा कारखान्यातली आहे. चांगल्या कनेलला चमचा लावला की रव्याच्या हलक्या केकसारखी तुटते, रबरासारखी ताणली जात नाही.

मांसाहाऱ्यांनी सोबत सालाद ल्योनेझ घ्यावं: कडसर पाला, लार्दों आणि वर पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं. त्याचा बलक फोडून पाल्यात कालवायचा. शाकाहाऱ्यांसाठी सेर्व्हेल द कान्यू, नंतर ग्रातें दोफिनवा, म्हणजे दूध-साय-लसणात भट्टीत शिजलेले बटाट्याचे पातळ काप, आणि शेवटी गुलाबी साखरबदामाचा तार्त ओ प्रालीन. एवढ्यात जेवण भरपेट होतं. बूशोंमधला तीन पदार्थांचा संच साधारण २५ ते ३५ युरोंना पडतो. वाइन जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीतून येते, तिला 'पो' म्हणतात.

वेळ कमी असेल तर पार-द्यू स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पोल बोक्यूझ यांच्या नावाची मंडई आहे. तिथे चीज, प्रालीन, मासे सगळं एका छताखाली मिळतं. सोमवारी मात्र तिथले बहुतेक गाळे बंद असतात.

मार्सेय: बुयाबेस, आणि तिची स्वस्त नक्कल

जुन्या बंदराच्या कडेने फळ्यांवर '२५ युरोत बुयाबेस' लिहिलेलं दिसेल. ते खाऊ नका. खऱ्या बुयाबेसला माणशी साधारण ६० ते ९० युरो लागतात, आणि त्याचं कारण मासे आहेत. १९८० मध्ये मार्सेयच्या उपाहारगृहचालकांनी एक सनद केली. तिच्या यादीत रास्कास, सें-पिएर, बोद्रवा, कोंग्र, गालिनेत असे स्थानिक मासे आहेत, आणि त्यांपैकी किमान चार जातींचे मासे असल्याशिवाय त्या पदार्थाला बुयाबेस म्हणायचं नाही असं ठरलं. हे खडकांतले मासे थोडेच मिळतात आणि त्याच दिवशी लागतात. म्हणूनच २४ ते ४८ तास आधी सांगावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी किमान दोन माणसांसाठीच करतात. आयत्या वेळी लगेच मिळणाऱ्या बुयाबेसवर विश्वास ठेवू नका.

कांदा, टोमॅटो, बडीशेपेच्या झाडाचा कांदा, लसूण, केशर आणि ऑलिव्ह तेल. बारीक खडकमाशांचा अर्क, त्यात बटाटे आणि मोठे मासे. तेल आणि पाणी एकजीव व्हावं म्हणून हा रस्सा सुरुवातीला खळखळून उकळावाच लागतो. मंद आचेवर ठेवला तर तेल वर तरंगतं आणि रस्सा पातळ राहतो. नीट जमलेला रस्सा दाट, गढूळ केशरी दिसतो, त्यावर तेलाचे सुटे डोळे दिसत नाहीत.

वाढायची रीतही ठरलेली आहे. आधी नुसता रस्सा येतो. सोबत भाजलेल्या पावाचे काप, लसणाची सोललेली पाकळी आणि रुई. रुई म्हणजे लसूण, मिरची, केशर यांचं गंजाच्या रंगाचं घट्ट मेयोनेझ. पावाच्या कडक पृष्ठभागावर लसूण खवणीसारखी घासायची, वर रुई थापायची, काप रशात सोडायचा आणि तो पुरता मऊ व्हायच्या आत खायचा. मग वाढपी अख्खे मासे ताटात आणून दाखवतो आणि तुमच्यासमोर काटे काढून वाढतो. समोर कापून वाढणं सनदेतच आहे. मासे आतूनच तुकडे होऊन आले तर 'पुव्हे-व्हू मोंत्रे ले प्वासों?' असं विचारायला संकोचू नका. मालवणी कालवणाच्या अपेक्षेने गेलात तर तिखटाची निराशा होईल. इथे सगळी चव माशाची, केशराची आणि बडीशेपेची असते.

जागा: व्हालों देझ ओफ या छोट्या मासेमारी खाडीतलं शे फोंफों आणि जुन्या बंदरावरचं ल मिरामार. खाडीकडे जुन्या बंदरावरून ८३ क्रमांकाची बस जाते. खर्च झेपत नसेल तर कुठल्याही बऱ्या ठिकाणी 'सुप द प्वासों' मागवा. रस्सा, पाव, लसूण, रुई सगळं तसंच, फक्त मोठे मासे नाहीत, आणि किंमत बुयाबेसच्या पाव हिश्शापेक्षाही कमी. नकली बुयाबेसपेक्षा खरं सुप कितीतरी चांगलं.

शाकाहाऱ्यांसाठी मार्सेयमध्ये पानिस आहे. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून, घट्ट झाल्यावर गोल काप करून तळतात. आपल्या पाटवडीला फोडणीशिवाय तेलात सोडलं तर जे होईल ते. शहराच्या उत्तर टोकाला एस्ताक नावाच्या बंदरवस्तीत टपऱ्यांवर डझनाच्या हिशेबाने कागदात बांधून मिळते. गरम असतानाच मीठ-मिरपूड भुरभुरून खावी, गार झाली की तेलकट लागते.

नीस: सोका, आणि घरी करायची कृती

सोका मराठी घराला सगळ्यात जवळचा. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढंच. दूध नाही, अंडं नाही, यीस्ट नाही. कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि खरवडून तुकडे कागदावर देतात. कूर सालेयाच्या बाजारात शे तेरेझा, आणि बंदराजवळ रू बाव्हास्त्रोवरचं शे पिपो. बाजारातली परात दुसरीकडच्या भट्टीतून गाडीवर येते, त्यामुळे नवी परात आल्यावरच रांगेत उभं राहण्यात अर्थ आहे. कूर सालेयाला सोमवारी भाजीपाल्याऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तेव्हा मंगळवार ते रविवार सकाळीच जा.

घरी करायचा असेल तर २५० ग्रॅम पीठ, ५०० मिलिलिटर पाणी, ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, १ छोटा चमचा मीठ. गुठळ्या मोडून किमान दोन तास झाकून ठेवा, मग वरचा फेस काढून टाका. ओव्हन २५० अंशांवर, आत लोखंडी तवा किंवा जाड ट्रे रिकामाच दहा मिनिटं तापवा. त्यात तेल सोडा आणि जेमतेम ३–४ मिलिमीटर थर होईल इतकंच पीठ ओता. वरच्या कप्प्यात ८–१० मिनिटं, नंतर फक्त वरची आच लावून २–३ मिनिटं. वर काळसर डाग पडायलाच हवेत. काढल्यावर भरपूर ताजी मिरपूड.

बिघडण्याची कारणं तीनच. ट्रे नीट तापलेला नसेल तर खाली चिकटतो. थर जाड झाला तर आत पिठल्यासारखा राहतो. पीठ पुरेसं भिजलं नाही तर कच्चट वास येतो. फ्रान्समधलं पीठ काबुली चण्याचं असतं, आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, म्हणून चवीत थोडा फरक पडतो. तो चालवून घ्यायचा. हळद-जिरं घातलं की मात्र तो सोका राहत नाही, धिरडं होतं.

नीसमध्येच सालाद निसुआझ खायचं, कारण बाहेर त्यात उकडलेले बटाटे आणि फरसबी घालतात. नीसकर ते मान्य करत नाहीत. कच्च्या भाज्या, उकडलेलं अंडं, ऑलिव्ह, आणि अँकोव्ही किंवा ट्यूना. शाकाहाऱ्यांना भाज्यांची रातातुई आणि चाकवतासारख्या ब्लेत या पाल्याची, बेदाणे आणि चिलगोजे घातलेली गोड तूर्त द ब्लेत चांगली. कोणतं उपाहारगृह निवडावं कळत नसेल तर 'क्विझीन निसार्द' अशी मान्यता लावलेलं बघा.

कास्तेलनोदारी: कासुले

हा शाकाहाऱ्यांचा मुक्काम नव्हे. पांढरा लांबट लेंगो घेवडा, बदकाचं चरबीत मुरवलेलं मांस, डुकराचं मांस, कातडी आणि तुलूजचं सॉसेज. चौघांना ३५०–४०० ग्रॅम सुका घेवडा धरतात, रात्रभर भिजवून तासभर उकडतात. मग हे सगळं कासोल नावाच्या, वर रुंद खाली निमुळत्या मातीच्या भांड्यात रचून १५०–१६० अंशांवर दोन-तीन तास. नाव भांड्यावरूनच पडलं. वर येणारी तपकिरी साय पुन्हा पुन्हा आत दाबायची. जुनी माणसं सात वेळा म्हणतात. त्यानेच रस दाट होतो. म्हणून वर पावाचा चुरा पसरून कुरकुरीत केलेलं कासुले आलं तर कास्तेलनोदारीच्या हिशेबाने ती पळवाट आहे. घेवडा अख्खा पण जिभेने दाबला जाईल असा हवा.

तुलूजहून लोकल गाडीने साधारण पाऊण तास. दुपारी जा, जेवा आणि नंतर मिदी कालव्याच्या मोठ्या तलावाकाठी चाला. ऑगस्टच्या अखेरीला तिथे कासुलेचा उत्सव असतो, तेव्हा राहायची जागा बरीच आधी ठरवा. तुलूजमध्येच थांबणार असाल तर व्हिक्टर ह्यूगो मंडईच्या वरच्या मजल्यावरच्या खानावळी आहेत. त्या फक्त दुपारी उघड्या, सोमवारी बंद.

आल्सास: फ्लामेकुश एकेकच मागवा

स्त्रासबूरच्या घरगुती खानावळी म्हणजे विन्श्टुब. तिथे शुक्रूत, म्हणजे आंबवलेल्या कोबीवर डुकराच्या मांसाचे आणि सॉसेजचे ढीग, किंवा बेकेऑफ, म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये मुरवलेलं तीन प्रकारचं मांस आणि बटाटे, कणकेने झाकण बंद करून तासन्‌तास भट्टीत. बेकेऑफ बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. शुक्रूतचं एक ताट दोघांना सहज पुरतं. शे इव्होन ही जुनी विन्श्टुब आणि पतीत फ्रांस भागातलं मेझों दे तानर ही नेहमी घेतली जाणारी नावं.

फ्लामेकुश, किंवा तार्त फ्लांबे, ही पापडासारखी पातळ लाटलेली पावाची कणीक, वर साय आणि ताजं चीज, कांदा, लार्दों. शेतकऱ्यांच्या घरी पाव भाजण्याआधी भट्टी किती तापली ते बघायला हिचा उपयोग व्हायचा. पेटत्या लाकडांच्या कडेला एक-दोन मिनिटांत भाजून निघते. ती फळीवर येते, हाताने गुंडाळून खातात. चौघांनी चार मागवल्या तर तिसरीला हात लावेपर्यंत ती ओली, चिवट होते. एक मागवा, वाटून संपवा, मग पुढची. 'सां लार्दों' म्हटलं की शाकाहारी होते. मशरूमची 'फोरेस्तिएर' मागतानाही तेच सांगा. खेड्यांत ती बऱ्याचदा फक्त रात्रीच मिळते, कारण भट्टी तेव्हाच पेटवतात.

ब्रिटनी: गालेत आणि ताक

उत्तर भारतात उपवासाला खातात त्या कुट्टूचं पीठ, पाणी आणि जाडं मीठ यांची गालेत. बिलिग या गोल लोखंडी तव्यावर ती लाकडी दांड्याने पसरवतात, घावनासारखी कडेने जाळी पडते. 'कोंप्लेत' म्हणजे हॅम, अंडं, चीज. शाकाहाऱ्यांनी 'फ्रोमाझ-शांपिन्यों', म्हणजे चीज-मशरूमची, मागावी, पण तव्याला काही ठिकाणी डुकराची चरबी लावतात, तेव्हा 'सां सेंदू, ओ बर' म्हणजे चरबीशिवाय, लोण्यात, असं सांगावं. आधी गालेत, मग गव्हाच्या पिठाची गोड क्रेप. तिच्यावर खारट लोण्याचं कॅरामेलच घ्या. सोबत सफरचंदाची सिद्र वाटीतून पितात, आणि दारू नको असेल तर 'ले रिबो' मागा. ते चक्क ताक आहे, आणि गालेतबरोबर पिण्याची तिथली जुनी रीत आहे.

रेनमध्ये शनिवारी सकाळी प्लास दे लीसच्या बाजारात गालेत-सोसीस मिळते, गरम डुक्कर-सॉसेजभोवती गार गालेत. लोणी-साखरेचा क्विन्यामान दुआर्नने गावचा. तो कोमट खाल्ला तरच पापुद्रे सुटतात.

डोंगराकडे

आल्प्सच्या साव्हुआत, म्हणजे आनसी-शांबेरीच्या बाजूला, फोंद्यू आणि राक्लेत हे हिवाळ्याचे पदार्थ. जुलैच्या उन्हात फक्त पर्यटकांसाठी लावतात, तेव्हा नको. फोंद्यूत पांढरी वाइन असतेच. तार्तिफ्लेत म्हणजे रब्लोशों चीज घालून भट्टीत भाजलेले बटाटे; त्यात लार्दों असतात, आणि तो प्राचीन पदार्थ नसून रब्लोशों खपावं म्हणून १९८०च्या दशकात पुढे आणलेला आहे. चव मात्र चांगली.

आलिगोसाठी ओब्राकच्या पठारावर लागुयोलला जावं लागतं. लिहितात एक, स्थानिक म्हणतात 'लायोल'. रेल्वे नाही, रोदेझहून गाडी करावी. एक किलो बटाट्याच्या गरम लगद्यात ४०० ग्रॅम ताजं, बिनमिठाचं तोम चीज, साय, लसूण घालून मंद आचेवर एकाच दिशेने उचलून उचलून ढवळतात, तार हातभर लांब येईपर्यंत. आच वाढली की तार तुटते आणि चीज तेल सोडतं. म्हणून तो ताबडतोब वाढतात, पुन्हा गरम करत नाहीत.

फक्त पॅरिसच होणार असेल तर

ब्रिटनीच्या गाड्या मोंपार्नास स्टेशनवर येतात, म्हणून रू द्यू मोंपार्नासवर एकापुढे एक क्रेपच्या खानावळी आहेत. त्यांपैकी जिथे बिलिग काउंटरमागे उघड्यावर दिसतो आणि गालेत तुमच्यासमोर पसरवली जाते, तिथे बसा. आधी करून ठेवलेल्या गालेतींची चळत दिसली तर शेजारच्या दारात. आलिगोसाठी रू द्यू ग्रनिए-सें-लाझारवरचं लांबासाद दोव्हेर्न्य. साधं, स्वस्त, जुन्या वळणाचं जेवण १८९६ पासूनच्या बुयों शार्तिएमध्ये मिळतं. तिथे बिल कागदाच्या टेबलक्लॉथवरच लिहितात. जेवणाच्या वेळी रांग लांब असते, दुपारी साडेअकरा किंवा संध्याकाळी साडेसहाला पोचलात तर उभं राहावं लागत नाही.